नवा सांधा आणि भावाच्या पुड्या

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून, आता धातूचा सांधा आहे. एक्स-रेत तो खिळ्यावर बसवलेल्या मण्यासारखा दिसतो. ऑपरेशनला आठ महिने झाले. हे त्याच हाताने लिहिते आहे, दर पानाला थांबून. ज्यांना असंच दुखणं आहे त्यांना पुढं काय काय होतं ते कळावं, म्हणून लिहायला बसले. पण खरं सांगायचं तर हाताचं दुखणं मी विसरत चालले आहे. दुसरं एक विसरत नाही, आणि ते वगळलं तर हे सगळंच खोटं होईल.

सोलापुरात पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. सासूचं होतं, तिच्यामागं मी चालवते. मालक, म्हणजे माझे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. बांगड्या विकणं वेगळं आणि भरणं वेगळं. भरताना समोरच्या बाईचा पंजा आपल्या हातात घ्यायचा, तिच्या अंगठ्याखालचा उंचवटा आपल्या अंगठ्याने आत दाबायचा आणि त्याच दमात काच वर सरकवायची. लग्नसराईत एका दिवसात शंभर-सव्वाशे हात. असं चाळीस वर्षं केलं. माझा अंगठा झिजला यात नवल काहीच नव्हतं.

सुरुवातीला कुलपात किल्ली फिरवताना कळ यायची. मग डब्याचं झाकण उघडेना. मग भाकरी थापताना डोळ्यांत पाणी. तेव्हा मी शिवानंदला दाखवलं.

शिवानंद माझा धाकटा भाऊ. आमचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. आमची अव्वा, म्हणजे आई, गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याला कडेवर घेऊन मी शाळा सोडली. लग्न करून सोलापुरात आले तर त्यालाही सोबत आणलं. तो माझ्या घरात राहून शिकला, डी. फार्मसी झाला, आणि आमच्यापासून दोन चौक सोडून त्यानं मेडिकल टाकलं. मी त्याला अजून तम्मा म्हणते, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

त्यानं माझा अंगठा दाबून बघितला, एक एक्स-रे काढून आणायला लावला, तो उजेडाकडं धरून पाहिला आणि म्हणाला, "वयाची झीज आहे, अक्का. एन आगंगिल्ल बिड." काही होत नाही, सोड.

आणि कागदाच्या पुड्या बांधून दिल्या. एकेका पुडीत तीन गोळ्या, स्ट्रिपमधून काढलेल्या. "एक कॅल्शियमची, एक ताकदीची, एक दुखण्यावरची. सकाळी जेवून घ्यायची."

तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं. मी लहान मुलीसारखं कुलूप उघडून-लावून बघितलं.

पाच वर्षं

पाच वर्षं त्या पुड्या खाल्ल्या. भूक वाढली, चेहरा भरला. बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली की तुमची. कोपराखाली जरा कुठं लागलं की काळानिळा डाग उठायचा, त्याला मी वय म्हटलं. दुकानात येणारी कुणी गुडघ्याची नाहीतर मनगटाची तक्रार सांगू लागली, की मी म्हणायची, "माझ्या भावाकडं जा. माझं नाव सांग." किती जणींना पाठवलं ते तेव्हा मोजलं नाही.

शेवटच्या वर्षी पुडी खाऊनही अंगठा दुखायला लागला. बुडाशी हाड वर आलं, अंगठा आत वळला. एक दिवस एका नवरीला हिरवा चुडा भरत होते. चौथी बांगडी चढवताना माझा अंगठा एकदम लुळा पडला, काच तिच्या मनगटावरच फुटली आणि रक्त आलं. बांगडी वाढली असं आम्ही म्हणतो, फुटली म्हणत नाही. पण तिच्या आईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यात कुठला शब्द वापरायचा हा प्रश्नच उरला नव्हता. मालकांनी त्या दिवशी शटर ओढलं आणि मला हाताच्या सर्जनकडं नेलं.

एक्स-रेचा दिवस

डॉक्टर माझा मुलगा शोभतील अशा वयाचे. त्यांनी माझा अंगठा धरून बुडाशी जरासा फिरवला. आत वाळू घासल्यासारखं झालं आणि मी ओरडले. नवा एक्स-रे आला. दोन हाडांच्या मधे जी फट असायला हवी ती नव्हतीच. "मावशी, सांधा संपलाय," ते म्हणाले. "आता पट्टा, इंजेक्शन यानं भागणार नाही. एक तर खालचं छोटं हाड काढून टाकायचं, नाहीतर कृत्रिम सांधा बसवायचा. तुम्हाला हातानं काम करायचंय, तर मी सांध्याचा विचार करीन."

मला भीती वाटली, पण ती अजून साधी भीती होती. चाकूची, भुलीची.

मग त्यांची नजर माझ्या कोपराखालच्या डागांवर गेली. चेहऱ्याकडं बघितलं. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मी पर्समधून पुडी काढली. "भाऊच मेडिकलवाला आहे माझा," मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं, हे मला आजही आठवतं.

त्यांनी तिसरी गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बघितली. "हिची स्ट्रिप आणा. नाव दिसायला हवं. आणि तोपर्यंत ही बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही." मला ते विचित्र वाटलं. चांगली असेल तर स्ट्रिप कशाला, वाईट असेल तर बंद का नाही?

रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली, जी मला कधीच नव्हती. हाडांची तपासणी केली. हाडं ठिसूळ झाली होती.

सुवर्णाकडं

दुसऱ्या दिवशी दुपारी स्ट्रिप मागायला मी शिवानंदच्या घरी गेले. तो होलसेलवाल्याकडं गेला होता. त्याची बायको सुवर्णा दिवाणावर पाय लांब करून बसली होती. तिचे गुडघे दोन वर्षांपासून धरलेले. मी तिला सगळं सांगितलं आणि सहज म्हटलं, "तुझ्याजवळ असेल ना घरात पाकीट? तूही त्याच गोळ्या खात असशील."

"मला कुठं देतात वन्सं," ती म्हणाली. "मी रडून मागितल्या. म्हणाले, त्या गोळीला हात लावायचा नाही, हाडं पोखरून टाकते ती. तेल लाव, व्यायाम कर, पण ती नको. मी म्हटलं दुकानात तर येईल त्याला देता. तर म्हणाले, ते गिऱ्हाईक आहे."

ती बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. "वन्सं, तुम्हाला... तुम्हाला वेगळी देत असतील."

मी चहा न घेताच उठले. जिन्यात कठडा धरायला गेले तर अंगठा लागला नाही, म्हणून डाव्या हातानं धरला.

मेडिकलमध्ये

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास गेले. दुकानात कुणी नव्हतं. शिवानंदनं हसून स्टूल पुढं केलं. मी बसले नाही.

"तम्मा, तिसरी गोळी कसली आहे?"

"दुखण्याची, अक्का."

"नाव काय तिचं?"

तो काउंटर पुसायला लागला. पुसलेलाच काउंटर परत पुसला. "स्टेरॉइड आहे," शेवटी म्हणाला. "छोटा डोस. सगळे देतात."

"सुवर्णाला का नाही दिलास?"

फडकं थांबलं.

"तिला बसून राहता येतं, अक्का," तो म्हणाला. "तुला दुकान होतं. तू रडत यायचीस आणि हसत जायचीस. मी काय करणार होतो?"

"तो पहिला एक्स-रे. त्यात काय होतं?"

"तेव्हाच बरंच गेलं होतं. काम बंद करून पट्टा बांधायला हवा होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

याचं उत्तर मी आजही शोधते आहे. कदाचित ऐकलं नसतं. पण मला विचारलंच गेलं नाही. माझ्या हाडांचा हिशेब त्यानं माझ्यामागं परस्पर मिटवला, आणि मी त्याचं नाव गावभर सांगत होते. चिडून बोलायला हवं होतं. मी फक्त एक स्ट्रिप मागून घेतली आणि घरी आले.

घरी मालक भडकले. औषध खात्याकडं तक्रार करायची, लायसन्स घालवायचं, असं म्हणू लागले. मी नको म्हटलं. "अजून त्याचीच बाजू," म्हणून ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. बाजू नव्हती. तेव्हा कुणाविरुद्ध उभं राहायला माझ्या अंगात बळच नव्हतं.

सुटता सुटता

कृत्रिम सांधा लगेच बसवता येणार नव्हता. आधी साखर आटोक्यात आणायची आणि गोळी थोडी थोडी कमी करायची. एवढी वर्षं बाहेरून मिळाल्यामुळं शरीर स्वतःचं औषध बनवायचं विसरलेलं असतं, एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकतं, असं फिजिशियननं समजावलं. म्हणजे जिनं मला फसवलं तीच गोळी चार महिने रोज हातानं तोंडात घालायची. अर्धी, मग पाव, मग दिवसाआड. ते गिळणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

आणि दुखणं परत आलं. पाच वर्षांचं साठलेलं एकदम आलं. अंगठाच नव्हे, सगळे सांधे. उठून उभं राहताना चक्कर यायची. ब्लाऊजची बटणं मालक लावून द्यायचे, वेणी घालायला त्यांना जमायचं नाही म्हणून नुसतं रबर बांधायचे. त्यांनी कणकेचे नकाशे लाटले, भाकऱ्या जाळल्या, पण एकदाही तोंड वाकडं केलं नाही. न बोलण्याचे चार दिवस त्यांनी असे भरून काढले.

वॉर्डात

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झाले. शेजारच्या खाटेवर माळशिरसकडची एक बाई होती, शेतात पडून मनगट मोडलेली. माझ्याहून लहान, पण मला आल्या आल्या धीर दिला. "काय होत न्हाय. हात बधिर करत्यात, मग तुमी हितं आन हात तितं." दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला नेण्याआधी तिनं एका हातानं माझे केस विंचरले, टोकं मला माझ्या डाव्या हातानं धरायला लावली आणि दोघींच्या मिळून दोन हातांनी एक वेणी घातली. इतक्या महिन्यांत पहिली नीट वेणी.

हॉस्पिटलचं वेळापत्रक असतं ते असतंच. पहाटे ताप बघणारी, मग रक्त घेणारी, मग फरशी पुसणारी. उपाशी राहायचं, बांगड्या काढायच्या. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या नर्सला निघेनात. मी तिला कुठं दाबायचं ते सांगितलं. चाळीस वर्षांत बांगडीसाठी माझा हात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी दाबला.

डॉक्टरांनी सगळं आधी सांगून ठेवलं होतं, हे त्यांचे उपकार. "तुमचं हाड नाजूक आहे. सांध्याची वाटी बसवताना ते तडकलं तर मी जबरदस्ती करणार नाही. हाड काढून तुमच्याच हातातल्या नसेची गादी करीन. चालेल?" मला विचारलं. ते "चालेल?" ऐकून मला रडू आलं आणि ते समजले मी घाबरले.

पडद्यापलीकडं

काखेत सुई टोचली. थोड्या वेळानं हात माझा राहिला नाही, भिजवलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा नुसता जड. मधे हिरवा पडदा. मी जागी होते. घरात सुतार आल्यासारखे आवाज येत होते. बारीक मशीन फिरायची, थांबायची. मग हलके ठोके.

ठोके थांबले. मी छताकडं बघत होते. हाड तडकलं असेल तर ते त्या पुड्यांमुळं, हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या शिवानंदलाही माहीत होतं. तो आला होता. मालकांनी त्याच्याकडं पाठ केली होती, तरी तो बसून होता.

"हळू," डॉक्टर कुणाला तरी म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "धरलं. मावशी, धरलंय हाडानं."

आभार मानायला तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर पडलं असतं.

शहाळं

दुसऱ्या दिवशी शिवानंद वॉर्डात शहाळं घेऊन आला. स्ट्रॉ घालून माझ्या तोंडाशी धरलं. मी प्याले. तो गेल्यावर माळशिरसची बाई म्हणाली, "भाऊ लई जीव लावतो की तुमच्यावर."

"व्हय," मी म्हटलं.

खोटं बोलले नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. जीव लावणारा माणूस असं करू शकतो, हे कुणी शिकवलेलं नसतं. परक्यानं फसवलं तर आपण त्याला शिव्या देऊन मोकळे होतो. इथं शिवी अव्वाच्या लेकराला लागत होती, माझ्याच कडेवर वाढलेल्या.

हात शिकवणं

दोन आठवडे प्लास्टरची पट्टी, मग टाके काढले, मग काढता-घालता येणारा पट्टा. टाके काढल्यावर अंगठा पांढरा, सुरकुतलेला, पाण्यात राहिल्यासारखा. पहिल्या दिवशी तो तर्जनीला टेकवायला सांगितलं. एक वीत अंतर वाटलं. फिजिओथेरपीची मुलगी म्हणायची, रोज एक बोट पुढं. करंगळीला टेकायला मला पाच आठवडे लागले.

ज्यांना हे ऑपरेशन सांगितलं आहे त्यांना एवढंच सांगते. सुरुवातीचे दोन महिने आपण फसलो असं वाटतं. हात सुजतो, मुंग्या येतात, तांब्या उचलवत नाही. तिसऱ्या महिन्यात एक दिवस मी नळ बंद केला आणि स्वयंपाकघरातून बाहेर आल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. तसा तो दिवस येतो. आता मी बटणं लावते, लहान भाकरी थापते, कुलूप उघडते. दुकानात अर्धा दिवस बसते. जोर लावून बांगडी भरायची नाही असं बजावलंय, म्हणून गिऱ्हाइकाच्या हाताला साबणाचं पाणी लावते, आणि नाहीच गेली तर मोठा साईज देते. पूर्वी हे मला कमीपणाचं वाटलं असतं.

आणि सुटी गोळी कधी खाऊ नका. सख्ख्या भावानं दिली तरी नाव वाचल्याशिवाय नको.

कुंभारी

हात चालायला लागला तशी मला त्या बायकांची आठवण छळायला लागली. मी पाठवलेल्या. मी शिवानंदकडं गेले आणि म्हटलं, "तू त्यांना स्वतः बोलावून सांग. डॉक्टरांकडं पाठव. मग मी कुणाला काही बोलणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला.

दोन महिने वाट पाहिली. परत गेले. म्हणाला, नव्या कुणाला देणं बंद केलंय. जुन्यांचं? "हळूहळू," म्हणाला. मग हात जोडले. "अक्का, तू सांगत फिरू नकोस. माझं दुकान बसेल. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

चार वर्षांचा असताना त्यानं जे मागितलं ते मी दिलं होतं. या वेळी दिलं नाही. "मी उद्यापासून जाणार आहे," एवढं सांगून निघाले. त्यानंतर तो आमच्याकडं आलेला नाही. नागपंचमीला मी त्याच्या नावानं उपवास धरला. आमच्यात धरतात. तो आला नाही, मी वाटही पाहिली नाही असं म्हणणार नाही.

आठवतील तशी नावं वहीत लिहिली. सोळा निघाली. मालक मला गाडीवरून नेतात, बाहेर थांबतात. दोघींनी तोंडावर दार लावलं. एक म्हणाली, भावाबहिणीचं बिनसलं म्हणून त्याच्या पोटावर पाय देता का. पाच जणी डॉक्टरांकडं गेल्या.

मागच्या आठवड्यात कुंभारीला गेले. तिथं विडी कामगारांच्या वसाहतीत नरसम्मा राहते. दर पंचमीला माझ्याकडं बांगड्या भरायला यायची. विड्या वळून तिची मनगटं गेलेली, तीन वर्षांपूर्वी मीच तिला पाठवलं होतं. मांडीवर सूप घेऊन ती उंबऱ्यात बसली होती. तिचा सुजल्यासारखा भरलेला चेहरा बघितला आणि मला विचारायची गरज राहिली नाही. पाच वर्षं मी तोच चेहरा आरशात बघत होते.

मी सगळं सांगितलं. कुठंही न थांबता, शिवानंदचं नाव घेऊन. ती ऐकत होती, बोटं मात्र विड्या वळत होती.

"बंद केली तर दुखायचं थांबंल का?" तिनं विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं. "आधी वाढेल. मला फार दुखलं. आणि एकदम बंद करायची नाही. डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. काही महिने लागतील."

"मग सांगाय कशाला आलात तुमी? हाय ते बरं चाललंय की माझं."

"तुला त्याच्याकडं मी पाठवलं होतं, नरसम्मा. म्हणून आले."

तिनं माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी टाक्यांची रेघ आहे, ती अजून गुलाबी आहे. तिनं वळत असलेली विडी पुरी केली, दोरा बांधला, ती इतर विड्यांत ठेवली आणि सूप बाजूला सारलं.

"दवाखाना किती वाजता असतो?" ती म्हणाली.